बार्बरा स्टीलला अभिनय येत होता का? आधी बघा, तुम्ही ऐकलंत कुणाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ब्लॅक संडे’, ‘सस्पिरिया’ आणि ‘डीप रेड’ हे तीन इटालियन भयपट लागोपाठ पाहिले. प्रकाशयोजना, रंग, संगीत, सगळं आवडलं. पण नट्या दिसायला देखण्या आणि तोंड उघडलं की लाकडी. ओठ एक बोलतात, कानावर दुसरंच पडतं. तरी जगभरचे चाहते त्यांना डोक्यावर घेऊन नाचतात. या बायकांना खरंच अभिनय येत होता, की चाहते नुसते रूपावर भाळलेत? आणि हे चित्रपट इटालियनमध्ये बघावेत की इंग्रजीत?

मी डबिंगच्या धंद्यातली. आधी बरीच वर्षं माइकसमोर उभं राहून परदेशी बायकांना हिंदी-मराठी आवाज दिले, आता काचेच्या या बाजूला बसून दुसऱ्यांकडून तेच काम करून घेते. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मला पहिला वाटतो. तो सुटल्याशिवाय अभिनयाच्या प्रश्नाला हात घालता येत नाही. कारण ज्या बाईला तुम्ही लाकडी म्हणताय, तिचा आवाज तुमच्या कानावर बहुधा पडलेलाच नाही.

‘ब्लॅक संडे’च घ्या. दिग्दर्शक मारिओ बावाचा १९६०चा चित्रपट. त्यातली नायिका बार्बरा स्टील इंग्लंडमधल्या बर्कनहेडची, म्हणजे इंग्रजी तिची मातृभाषा. इटालियन प्रतीत तिला कुणी इटालियन बाईनं आवाज दिला, हे समजण्यासारखं आहे. पण इंग्रजी प्रतीतही तिचा आवाज नाही! पडद्यावर इंग्रज नटी, कानावर इंग्रजी संवाद, आणि बोलणारी तिसरीच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉजर कॉर्मनच्या ‘द पिट अँड द पेंड्युलम’मध्ये ती दिसली, तिथंही तिचे उच्चार बाकीच्या नटांशी जुळेनात म्हणून संवाद दुसरीकडून म्हणवून घेतले. आता ‘स्टीलची संवादफेक कच्ची आहे’ ही तक्रार नेमकी कुणाच्या दारात नेऊन ठेवायची?

हे का व्हायचं, ते सांगते. त्या काळात इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज अंतिम म्हणून धरतच नसत. कॅमेरे खडखडाट करायचे, शेजारच्या सेटवर ठोकाठोकी चाललेली असायची, दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना द्यायचा. आवाजाचं पुढं स्टुडिओत बघू, हीच पद्धत. त्यात परदेशी चित्रपट इटालियनमध्ये डब करूनच दाखवायचे, हा रिवाज मुसोलिनीच्या काळापासून कायद्यानं पक्का झालेला. त्यामुळे डबिंग हा तिथं मोठा, मानाचा व्यवसाय होता आणि प्रेक्षकांचे कान त्याला सरावलेले होते.

दुसरं कारण पैशाचं. हे चित्रपट दोन-तीन देशांच्या भांडवलावर निघायचे. इटली, फ्रान्स, स्पेन, पश्चिम जर्मनी, प्रत्येकाचे एक-दोन नट घ्यावे लागत. सेटवर जो तो आपल्या भाषेत बोलायचा, किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत. इटालियन दिग्दर्शक फेलिनी तर काही वेळा नटांना नुसते आकडे म्हणायला लावायचा आणि संवाद मागाहून लिहायचा. अशा ठिकाणी ओठ आणि शब्द जुळणार कुठून? इंग्रजी डबिंगही बहुतेक वेळा रोममध्येच, तिथं राहणाऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या मोजक्या कलाकारांकडून उरकलं जाई. दहा-बारा चित्रपट बघितलेत की तुम्हालाच जाणवेल, वेगवेगळ्या नट्यांच्या तोंडून त्याच दोन-तीन बायका बोलताहेत. ‘सगळ्या सारख्याच वाटतात’ असं चाहते लिहितात त्याचं एक कारण हेही आहे.

आपल्याला यात फार परकं वाटायचं कारण नाही. आपले हिंदी चित्रपटही कितीतरी दशकं असेच मागाहून डब होत आले. ‘लगान’च्या वेळी, २००१मध्ये, जागेवरच आवाज घेतला याची केवढी चर्चा झाली होती, आठवून बघा. श्रीदेवी हिंदीत आली तेव्हा सुरुवातीच्या चित्रपटांत तिला नाझनं आवाज दिला. ‘आखरी रास्ता’मध्ये (१९८६) तिच्या तोंडून चक्क रेखा बोलते. तिचा स्वतःचा हिंदी आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो ‘चाँदनी’त, १९८९मध्ये. त्याआधी श्रीदेवीला अभिनय येत नाही, असं कुणी म्हणालं होतं का? गाणं लताबाईंचं आणि चेहरा नूतनचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार स्वीकारलंय. मग इटालियन नटीनंच काय घोडं मारलंय?

श्रीदेवीची गोष्ट निघालीच आहे तर क्लाउदिया कार्दिनालेकडे वळू, कारण तिची कहाणी जवळजवळ तीच आहे. ती ट्युनिसची. घरात सिसिलियन, शाळेत फ्रेंच. इटालियन नंतर शिकलेली, आणि आवाज घोगरा, जाडसर. इटलीतल्या निर्मात्यांना तो आवाज नायिकेचा वाटेना. १९५८पासून ती पडद्यावर दिसत होती, बोलत मात्र दुसऱ्याच होत्या. फेलिनीनं १९६३मध्ये ‘८½’मध्ये तिचा खरा आवाज ठेवला आणि इटलीनं तो पहिल्यांदा ऐकला. गंमत म्हणजे त्याच ‘८½’मध्ये बार्बरा स्टीलही आहे, एका वयस्कर माणसाची तरुण प्रेयसी म्हणून. भयपटांतली स्टील पाहून तिच्याविषयी मत केलं असेल तर ही छोटी भूमिका आवर्जून बघा. नाचते, मान वेळावते, स्वतःवरच खूश असते. थडग्यातून उठणारी चेटकीण हीच का, असा प्रश्न पडतो.

कार्दिनालेचं सगळ्यांत मासलेवाईक उदाहरण पुढं आहे, सेर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये (१९६८). जिल रेल्वेतून उतरते, तिला न्यायला कुणी आलेलं नाही, ती स्टेशनच्या इमारतीतून पलीकडे जाते आणि कॅमेरा छपरावरून वर चढत अख्खं गाव दाखवतो. त्या क्षणी पडद्यावर कार्दिनाले आहे. संगीत एन्निओ मोरिकोनेचं, आणि त्यात शब्दांवाचून गाणारा जो बाईचा आवाज काळजाला हात घालतो तो एडा देल्लोर्सोचा. जिल बोलते तेव्हा इटालियन प्रतीत रीटा सवान्योने ऐकू येते, इंग्रजीत जॉइस गॉर्डन. एक जिल उभी करायला इतक्या बायका लागल्या. लिओने संगीत आधी तयार करून घ्यायचा आणि शॉट चालू असताना सेटवर वाजवायचा. तेव्हा कार्दिनालेची ती चाल, थबकणं, घड्याळाकडे बघणं, हे त्या सुरांवर चाललेलं आहे. आपल्याकडे प्लेबॅकवर गाणं करणाऱ्या नटीचं कौशल्य हेच असतं. त्याला कमी लेखणाऱ्यानं एकदा स्वतः करून बघावं.

आता, मग अभिनय ओळखायचा कसा? आमच्याकडे नवीन मुलगा-मुलगी आवाज द्यायला आले की मी आधी त्यांना आवाज बंद करून सीन दाखवते. एकदा, गरज पडली तर दोनदा. ती कुठं श्वास घेते, बोलायच्या आधी की मधे? समोरचा बोलत असताना तिचे डोळे कुठं असतात? गळ्याची शीर ताणलेली आहे का? वाक्य संपल्यावर चेहरा लगेच सैल पडतो की थोडा वेळ त्यातच राहतो? हे कागदावर टिपायचं आणि मग मूळ आवाज ऐकायचा. तुम्हीही तेच करा. आवाज बंद केल्यावर ती नटी एकदम जिवंत वाटली तर लाकूड डबिंगमध्ये होतं. बंद करूनही ओंडकाच दिसला तर तुमचं मत बरोबर, चाहत्यांनी काहीही म्हणो. चेहऱ्यावर धाप लागलेली असताना सावकाश, गुळगुळीत आवाज ऐकू आला की डोकं चेहऱ्यालाच खोटं ठरवतं. आम्ही याच एका गोष्टीसाठी टेकवर टेक घेतो.

या कसोटीवर ‘ब्लॅक संडे’ लावून बघा. स्टीलच्या दोन भूमिका आहेत, चेटकीण आसा आणि तिची वंशज काट्या. आसा बराचसा वेळ थडग्यात आडवी पडलेली आहे. हात नाही, चाल नाही, चेहऱ्यावर खिळ्यांच्या मुखवट्यानं पडलेली भोकं. उरलं काय? डोळे आणि छातीचा भाता. त्यावर ती समोरच्या माणसाला जवळ ओढते. काट्या त्याच चेहऱ्याची, पण तिचे डोळे सतत कशाच्या तरी मागं आहेत, एका जागी ठरत नाहीत. दोघींमधला फरक तुम्हाला आवाज बंद असताना जास्त स्पष्ट दिसेल. स्टील फार मोठ्या आवाक्याची नटी होती असं मी म्हणणार नाही. साध्या, घरगुती प्रसंगात ती अवघडल्यासारखी वाटते. पण तो चेहरा उजेडात कसा धरायचा हे तिला पुरतं कळत होतं, आणि बावा मुळात छायाचित्रकार, त्यानं त्याचा पुरेपूर उपयोग केला. कृष्णधवल चित्रपटात चेहऱ्यावर लाल रंगानं सुरकुत्या काढायच्या, लाल उजेडात त्या दिसत नाहीत, उजेड बदलला की त्याच शॉटमध्ये चेहरा म्हातारा होतो, ही त्याची आवडती युक्ती. अशा शॉटमध्ये नटीला जरासुद्धा हलायची सोय नसते.

उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर फ्रान्समध्ये जा. त्याच वर्षी, १९६०मध्ये, झॉर्ज फ्रांज्यूचा ‘आइज विदाउट अ फेस’ आला. एदित स्कोब जवळजवळ सगळा चित्रपट पांढऱ्या मुखवट्याआड आहे. इथं नटीचा चेहराच काढून घेतलाय. मान, खांदे, जिन्यावरून उतरायची पद्धत आणि मुखवट्याच्या भोकांतून दिसणारे डोळे, एवढ्यावर तिनं ती मुलगी उभी केली. त्यात डॉक्टरची मदतनीस झालेली अलिदा वाल्ली तुम्ही ‘सस्पिरिया’तही पाहिलीय, नृत्यशाळेतली ती करकरीत, हसरी शिक्षिका.

तर भाषेचा प्रश्न. याला एकच उत्तर नाही, चित्रपटागणिक ते बदलतं. मी तीन गोष्टी बघते. पहिली, मुख्य नटांचे ओठ कुठल्या भाषेत हलताहेत. यासाठी भाषा येण्याची गरज नाही: प, ब, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. ऐकू येणारा प-ब-म आणि मिटणारे ओठ एकत्र पडत असतील तर तीच सेटवरची भाषा. दुसरी, कुठली प्रत पूर्ण आहे. तिसरी, कुठल्या डबिंगवर दिग्दर्शकाचं लक्ष होतं. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आली तर मी दुसरीला झुकतं माप देते, कारण डबिंग वाईट असलं तरी सहन करता येतं, कापलेला सीन परत येत नाही.

‘सस्पिरिया’ (१९७७) इंग्रजीत बघा. जेसिका हार्पर, जोन बेनेट, वाल्ली, सगळ्यांचे ओठ इंग्रजी आहेत, आणि हार्परचा आवाजही तिचाच आहे. बाकीच्यांचे संवाद पोकळीतून आल्यासारखे वाटतात हे खरं, पण त्या चित्रपटाला ते शोभतं. ‘ब्लॅक संडे’चेही ओठ बव्हंशी इंग्रजी, पण इंग्रजी प्रती दोन आहेत. एक ‘द मास्क ऑफ सेटन’ नावाची निर्यातीसाठी केलेली, तिच्यात रोबेर्तो निकोलोसीचं मूळ संगीत आहे. दुसरी अमेरिकी वितरकांनी कापून, नव्यानं डब करून, लेस बॅक्स्टरचं संगीत चढवून काढलेली. पहिली घ्या. व्हिस्कोंतीच्या ‘द लेपर्ड’मध्ये (१९६३) बर्ट लँकेस्टर सेटवर इंग्रजी बोलला, अ‍ॅलाँ देलाँ फ्रेंच. इंग्रजी प्रतीत लँकेस्टरचा स्वतःचा आवाज मिळतो, पण ती कितीतरी आखूड आहे. तिथं मी डोळे मिटून इटालियन म्हणेन.

आणि ‘डीप रेड’. इथं तुमच्यावर खरा अन्याय झालाय. दारिओ अर्जेंतोच्या या १९७५च्या चित्रपटाची इटालियन प्रत दोन तासांहून थोडी मोठी आहे. परदेशी पाठवताना त्यातली वीसेक मिनिटं उडवली. उडवलं काय? थोडा रक्तपात गेला, पण खरी कात्री चालली ती दुसरीकडेच. डेव्हिड हेमिंग्ज आणि दारिया निकोलोदी यांच्यातली थट्टामस्करी, वादावादी, तिच्या मोडक्या गाडीतली बसण्याची फजिती, हे सगळं. निकोलोदीनं उभी केलेली पत्रकार मुलगी हजरजबाबी आहे, नायकाला चिडवते, पंजा लढवून हरवते. आखूड प्रतीत ती अधूनमधून दार उघडून येते आणि माहिती देऊन जाते. तुम्ही ती पाहिली असेल तर निकोलोदी लाकडी वाटणारच, तिची भूमिकाच कात्रीत गेलीय. पुढं ‘सस्पिरिया’च्या पटकथेवर अर्जेंतोबरोबर तिचंही नाव आहे, हेही लक्षात असू द्या.

असं कापणं भयपटांच्या नशिबी नेहमीचंच. आन्द्रेई झुवाव्स्कीचा ‘पझेशन’ (१९८१) दोन तासांवरचा, अमेरिकेत तो चाळीसेक मिनिटं छाटून दाखवला. त्यातल्या कामासाठी इझाबेल अजानीला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला होता, त्याच वर्षीच्या ‘क्वार्टेट’सह. पश्चिम बर्लिनच्या भुयारी रेल्वेतला तो प्रसंग बघायला धीर लागतो, जेवणाआधी तर अजिबात लावू नका. पण फ्रेंच नटी परक्या भाषेत आवाज कुठपर्यंत नेऊ शकते, हे त्यात ऐकायला मिळतं.

आता चाहत्यांबद्दल. त्यांच्यात दोन प्रकार आहेत असं मला दिसतं. एक जमात नट्यांच्या याद्या करते: हिचे डोळे, तिचे केस, अमकी तमकीपेक्षा सरस. एडविज फेनेकचं नाव त्या याद्यांत हमखास वर असतं. सत्तरच्या दशकात तिनं सेर्जिओ मार्तिनोचे भयपट केले आणि पुढं ढीगभर चावट विनोदी चित्रपट. याद्या करणाऱ्यांना तिची विनोदाची वेळ किती अचूक आहे हे दिसतच नाही. दुसरी जमात जुन्या प्रती शोधते, संगीत जुळवून बघते, कुठल्या प्रतीत कुणाचा आवाज आहे हे ताडून पाहते. आज या चित्रपटांच्या पूर्ण, नीट साफ केलेल्या प्रती मिळतात त्या बऱ्याच अंशी या दुसऱ्या जमातीच्या हट्टामुळे. तुम्हाला चिडवणारे चाहते पहिल्या प्रकारचे असावेत.

रूप आणि आवाज हा झगडा एका नटीनं स्वतःच मांडून ठेवलाय. देल्फिन सेरिग. हॅरी क्यूमेलच्या ‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’मध्ये (१९७१) ती बेल्जियममधल्या ओस्टेंडच्या ओसाड हॉटेलात उतरलेली रक्तपिपासू काउंटेस आहे. इंग्रजीत बघा. दबका, लाडिक, किंचित थकलेला तो आवाज काढून टाकला तर चित्रपटात जेमतेम कपडे उरतील. चारच वर्षांनी तीच सेरिग शांताल आकेरमानच्या ‘झान दिएलमान’मध्ये बटाटे सोलताना दिसते, तीन तासांहून जास्त वेळ, जवळजवळ न बोलता. २०२२मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या मतदानात समीक्षकांनी त्याच चित्रपटाला सगळ्यांत वर बसवलं. मधल्या काळात सेरिगनं कारोल रूसोपुलोसला कॅमेऱ्यामागं घेऊन नट्यांच्या मुलाखतींचा एक माहितीपट केला, ‘सुंदर दिस आणि गप्प बस’ अशा अर्थाच्या नावाचा. जेन फोंडा आहे, मारिया श्नायडर आहे. त्यांना कसल्या भूमिका मिळतात, कोण ठरवतं, हे त्या स्वतःच्या आवाजात सांगतात. याद्या करणाऱ्या मंडळींना मी तो आधी दाखवीन.

एक बारीक पण कामाची सूचना. इटालियन आवाज लावलात तर सबटायटल्स त्याच संवादांची आहेत का ते बघा. पुष्कळ प्रतींत इंग्रजी डबिंगचेच शब्द खाली छापलेले असतात, आणि दोन्ही प्रतींतले संवाद सारखे नसतात. चांगल्या डिस्कवर दोन वेगवेगळे पर्याय दिलेले असतात. आणि ‘डीप रेड’च्या पूर्ण प्रतीवर इंग्रजी आवाज लावलात तर मधेच नट इटालियन बोलू लागतील, घाबरू नका, ती कापलेली मिनिटं आहेत, त्यांचं इंग्रजी उपलब्ध नाही. पहिल्या खेपेला सरळ इटालियनच लावा. विकत किंवा भाड्यानं घेण्याआधी लांबी वाचा: १०५च्या आसपास मिनिटं लिहिली असतील तर ती राहू द्या, १२६च्या आसपासची शोधा. ती बघून झाल्यावर निकोलोदीबद्दल काय वाटलं ते खाली लिहा.